व्यत्यय, मुंग्या आणि गोल फिरणारं चक्र

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित मजकूर देतोय. बोललो तसंच ठेवलंय. चार-दोन ठिकाणी वाक्यं सरळ केलीत, तेवढंच.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहास झाला का? विषय असा आहे: घरातला स्मार्ट टीव्ही नेटला जोडला जात नाही, तेव्हा नेमकं कुठं शोधायचं? मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं नातेवाइकांचे असे फोन मला कायम येतात. पण गेल्या वर्षी घरच्या टीव्हीनं मला असं काही तोंडघशी पाडलं, की उत्तर शोधता शोधता मी थेट १९७२ पर्यंत मागं गेलो.

तर झालं असं...

टाचणीचा किस्सा

आमचं घर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या बाजूच्या एका गावात. मी पुण्यात. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी संध्याकाळी आईचा फोन आला. "अरे, टीव्ही चालंना गेलाय. नुसतं गोल गोल फिरायलंय."

मी मीटिंगमध्ये. विचारलं, "वायफाय चालू आहे का?"

"मोबाईलवर तर चालू आहे की."

आदल्या रात्री गावातली लाईट चार-पाच तास गेली होती, हेही आईनं सांगितलं. मी ते कानाआड केलं. राउटर बंद-चालू करायला लावला. टीव्हीवर वायफायचा पासवर्ड परत टाकायला लावला. रिमोटनं एकेक अक्षर शोधत सोळा अक्षरांचा पासवर्ड टाकणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. टीव्ही म्हणाला, वायफाय जोडलं गेलंय. पण यूट्यूब उघडलं की परत तेच चक्र.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. म्हणालो, "आई, राउटरच्या मागं एक बारीक छिद्र आहे बघ. त्यात टाचणी घाल आणि दहा सेकंद दाबून धर."

ज्यांना कळलं ते आत्ता डोक्याला हात लावून बसले असतील. ते छिद्र राउटर पूर्ण कोरा करण्यासाठी असतं. लाईन टाकणाऱ्या पोरानं त्यात जे युजरनेम आणि पासवर्ड भरून ठेवले होते, ते सगळे पुसले गेले. आता टीव्ही तर नाहीच, घरातल्या मोबाईलचं वायफायही गेलं. तो पोरगा तिसऱ्या दिवशी आला, परत सगळं भरून गेला. मोबाईल चालू झाले. टीव्हीवर? गोल चक्र.

आजी रोज संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लावून बसते. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, मोबाईलच्या एवढ्याशा पडद्याचा तिला उपयोग नाही. आठवडाभर ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. तक्रार एकदाही केली नाही. मी फोनवर चिडून अण्णांना म्हणालो, "अहो अण्णा, मी सांगतो तेवढंच दाबा ना."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिले टीव्ही बिघडला की मी माळवदावर चढायचो. आता कुठं चढावं, तेच कळंना."

हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण आमच्या गल्लीत अँटेना लावायचा असला की लोक अण्णांना बोलवायला यायचे. जो माणूस एके काळी अर्ध्या गल्लीचे टीव्ही जुळवायचा, तो आता रिमोट हातात घ्यायला घाबरतो. मधल्या काळात असं काय बदललं?

टॉवर यायच्या आधी

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळं पुण्यात चित्र दिसायला लागलं. मराठवाड्यात? काही नाही. कारण साधं आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोरा आणि तुमच्या घराच्या मध्ये डोंगर आला किंवा पृथ्वीची गोलाई आली, की संपलं. मुंबई ते बीड म्हणजे मधे अख्खा सह्याद्री, वर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर.

त्यावर एक उपाय होता: मनोरा आकाशातच टांगायचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोनं 'साइट' नावाचा प्रयोग केला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले. सिग्नल पकडायला खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री. ती सहा राज्यं म्हणजे राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या गुलबर्ग्यातल्या खेड्यांत छत्र्या लागल्या, आपल्याकडं नाही. म्हणजे निजामाच्या राज्यात एकत्र असलेला मुलूख, भाषावार राज्यं झाल्यावर एकीकडं टीव्ही आला, दुसरीकडं नाही.

मग १९८२ उजाडलं. दिल्लीत एशियाड होणार होतं. १५ ऑगस्ट १९८२ पासून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्यासाठी इन्सॅट-१ए हा उपग्रह एप्रिलमध्ये सोडला होता. त्याचं काय झालं माहितीये? सप्टेंबरमध्ये त्याची पृथ्वीकडं रोखलेली दिशा सुटली, ती परत मिळवण्याच्या धडपडीत इंधन संपलं, आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. थोडक्यात काय, देशाचा अँटेनाच फिरला, आणि तो परत जुळवायला वर कुणी माळवदावर चढू शकत नव्हतं! पुढं ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला आणि तो टिकला. १९८४ मध्ये काही महिने तर असे होते की देशात जवळपास दिवसाला एक छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं.

मराठवाड्यात म्हैसमाळच्या डोंगरावर टॉवर आला, आणि आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला. अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेत उंचावर वसलेलं आहे, म्हणून टॉवर तिथं. गणित असं: मुंबई-दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावर जाणार, उपग्रहावरून अंबाजोगाईत उतरणार, आणि टॉवरवरून चारी बाजूंच्या खेड्यांत पसरणार. छत्तीस हजार किलोमीटर वर, तितकाच खाली. आणि शेवटचा टप्पा? माळवदावरचा अँटेना ते बैठकीतला टीव्ही. पंधरा-वीस हात.

आजचा सगळा मुद्दा याच शेवटच्या पंधरा-वीस हातांचा आहे.

माळवदावरचा माणूस

तो अँटेना आठवतो का? एक आडवी दांडी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या काड्या, माशाच्या काट्यासारख्या. तिचं नाव यागी-उडा अँटेना. १९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी तिचं तत्त्व मांडलं. मजा म्हणजे यातले उडा पुढं पन्नासच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करायला आले होते.

त्या काड्यांपैकी वायर फक्त एकीलाच जोडलेली असते, वाकवलेल्या वेटोळ्यासारख्या काडीला. बाकीच्या नुसत्याच असतात, पण बिनकामाच्या नाहीत. मागची काडी लहर परत पुढं ढकलते, पुढच्या काड्या तिला रांगेत आणतात. म्हणून हा अँटेना एकाच दिशेनं चांगलं ऐकतो. दिशा चुकली की चित्र बिघडतं. वारा सुटला, कावळा बसला, वानरानं झोका घेतला, की झालं.

१९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं. अण्णा तेव्हा शाळेत होते. गल्लीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी त्या घराच्या ओसरीत पन्नास-साठ माणसं, आणि बिघाड झाला की वर चढायचं काम चपळ पोरांचं. त्यात अण्णा पुढं. एक जण वर पाइप धरून, एक दारात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही... नाही... थोडं अजून... आलं आलं! आता हात लावू नको!" पुढं आमच्या घरी टीव्ही आला तेव्हाही हीच पद्धत होती. शक्तिमानच्या वेळी दारात उभं राहून निरोप द्यायचं काम मी केलंय.

या आरडाओरड्यात जे ज्ञान होतं, ते मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. अण्णांना पडदा वाचता यायचा. पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील तर सिग्नलच पोचत नाही: वायर तुटली किंवा अँटेना पार फिरला. चित्र आहे पण मुंग्याही आहेत, तर सिग्नल कमी: दिशा थोडी चुकली. माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसते, तर लहर दोन वाटांनी येतेय, एक सरळ आणि एक कुठल्या तरी डोंगरावर किंवा पत्र्यावर आपटून. चित्र वर-वर सरकतं, तर दोष टीव्हीचा, मागचं बटण फिरवा.

आणि मग ती पाटी: 'व्यत्यय'. मुंबई दूरदर्शनची ती पाटी आली की लोक वैतागायचे. पण विचार करा, ती पाटी किती प्रामाणिक होती! पाटी स्वच्छ दिसतेय याचा अर्थ तुमचा टीव्ही ठीक, वायर ठीक, अँटेना ठीक, टॉवर ठीक. चूक आमची आहे, तुम्ही वर चढू नका. मुंग्या म्हणायच्या, दोष तुझ्याकडं आहे. व्यत्यय म्हणायचा, दोष आमच्याकडं आहे. बिघाड स्वतःचा पत्ता सांगायचा.

गल्लीतला दोष

नव्वदच्या दशकात केबल आली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर सॅटेलाइट चॅनेलची हवा झाली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झालं, आणि २००० च्या आगेमागे मराठी चॅनेलही आले. आता छत्री केबलवाल्याच्या गच्चीवर, आणि तिथून खांबाखांबावरून काळी वायर.

यानं बिघाडाची जागा बदलली. वायर जितकी लांब जाते तितका सिग्नल दमतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला जोर देणारा डबा बसवावा लागतो, ज्याला सगळे बूस्टर म्हणायचे. हा डबा सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो. त्यामुळं बूस्टरजवळच्या घरात आरसा, आणि गल्लीच्या टोकाला मुंग्याच मुंग्या.

शिवाय बूस्टरला लाईट लागते. आमच्याकडं लोडशेडिंगचा तो काळ आठवतोय ना? बारा-बारा तास. घरात इन्व्हर्टर लावून टीव्ही चालू ठेवला तरी खांबावरचा डबा बंद, म्हणजे कार्यक्रम बंद. आणि हे कुठल्या जिल्ह्यात? ज्या जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे, जे १९७१ पासून वीज तयार करतंय. २०१३ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून तेही बंद ठेवावं लागलं होतं. आमच्याकडं टीव्ही न दिसण्याचं मूळ कधीकधी थेट पावसापर्यंत जायचं.

केबलच्या काळात अण्णांनी एक नवा प्रश्न शिकून घेतला. टीव्ही गेला की ते आधी दारात जाऊन हाक मारायचे, "तुमच्याकडं दिसतंय का हो?" शेजारी हो म्हणाले तर दोष आपल्या घरात. नाही म्हणाले तर दोष गल्लीत, आपण गप बसायचं. आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की आम्ही पहिलं हेच करतो. फक्त त्याला इंग्रजी नाव आहे आणि त्यासाठी पगार मिळतो.

त्यानंतरचा डिशचा काळ पटकन सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं फुकटची डीटीएच सेवा सुरू केली, आणि गावोगावच्या पत्र्यांवर छोट्या छत्र्या उगवल्या. तिचा उपग्रह आपल्या बीडमधून बघितला तर जवळपास बरोब्बर आग्नेयेला आहे. लहरी इतक्या बारीक, अडीच सेंटिमीटरच्या, की जोराचा पाऊस आला तर थेंबच त्या खाऊन टाकतात. पण त्या डब्याच्या मेनूत दोन पट्ट्या दिसायच्या, एक सिग्नलच्या जोराची आणि एक दर्जाची. छत्री फिरवत पट्टी बघायची. म्हणजे बिघाड अजूनही बोलत होता.

२०२१-२२ मध्ये दूरदर्शननं जुने ॲनालॉग टॉवर टप्प्याटप्प्यानं जवळपास सगळे बंद केले. काट्यांचा अँटेना कायमचा मुका झाला. आमच्या माळवदावरचा पाइप आता वाळवण बांधायला आहे.

चक्र बोलत नाही

आता आपला काळ. वायफायचा इतिहास मोठा आहे, पण तीन तारखा पुरेत. १९८५ मध्ये अमेरिकेनं काही लहरी बिनपरवाना वापरायला मोकळ्या केल्या. त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात, त्यामुळं ती जागा तशीही गोंगाटाची मानली जायची. १९९७ मध्ये त्यावर कॉम्प्युटर जोडण्याचं पहिलं मानक आलं. आणि भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला २००५ मध्ये.

जुन्या टीव्हीच्या लहरी बऱ्याचदा दीड मीटरच्या आसपास लांब असायच्या. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर मरते. आमच्यासारख्या घरात जुन्या भागाच्या भिंती दोन-दोन हात जाड, दगड-मातीच्या. राउटर बैठकीत आणि टीव्ही आतल्या खोलीत ठेवला, तर अंबाजोगाईचा सिग्नल जे करायचा ते या राउटरला जमत नाही. म्हणून राउटरवर दोन नावं दिसत असतील, तर लांबच्या टीव्हीला २.४ वालं नाव द्या. ५ वालं वेगवान, पण भिंत पाहिली की बसतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आज टीव्हीपर्यंत येणाऱ्या रस्त्याचे निदान चार टप्पे आहेत. एक, टीव्ही ते राउटर, म्हणजे वायफाय. दोन, राउटर ते गावातला किंवा तालुक्यातला केबलवाला, म्हणजे फायबर. तीन, तिथून पुढं ॲपवाल्यांच्या सर्व्हरपर्यंत. आणि चार, सर्व्हर आणि टीव्हीनं एकमेकांची ओळख पटवणं. या चारांपैकी काहीही बिघडलं तरी पडद्यावर काय दिसतं? गोल फिरणारं चक्र. मुंग्याही तेच, सावलीही तेच, व्यत्ययही तेच.

आमच्या घरी दोष चौथ्या टप्प्यावर होता.

दिवाळीला घरी गेलो. आल्या आल्या टीव्ही लावला, सेटिंगमध्ये गेलो, आणि तारखेवर नजर पडली. १ जानेवारी १९७०. वेळ सकाळी साडेपाच-सहाची. कॉम्प्युटरवाल्यांना ही तारीख पाठ असते. बऱ्याच यंत्रांचं घड्याळ त्या दिवसापासून सेकंद मोजतं, आणि लंडनची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाट, साडेपाच. लाईट गेली, टीव्हीच्या घड्याळाला बॅटरी नाही, ते शून्यावर गेलं. एरवी नेट आलं की टीव्ही तारीख स्वतः दुरुस्त करून घेतो. पण आमच्या टीव्हीत 'तारीख आपोआप घ्या' हा पर्याय कधीतरी बंद झाला होता.

मग तारीख चुकली म्हणून नेट का बंद? कारण आज जवळपास प्रत्येक सर्व्हर जोडणी करताना एक डिजिटल ओळखपत्र दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. आमच्या टीव्हीच्या मते १९७० साल चालू होतं. त्याला वाटलं, हे ओळखपत्र अजून पन्नास वर्षांनी सुरू होणार, म्हणजे नकली. आणि त्यानं दार लावून घेतलं. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. तो ज्या काळात जगत होता, तेव्हा मुंबई दूरदर्शनसुद्धा सुरू झालं नव्हतं!

याच्या उलट प्रकारही घडलाय. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरच्या असंख्य साइट ज्याच्या भरवशावर होत्या, असं एक जुनं मूळ ओळखपत्र मुदत संपून बाद झालं. नवीन यंत्रांना त्याच्या जागी आलेलं माहीत होतं. पण ज्यांना कंपन्यांनी अपडेट देणं बंद केलं होतं अशी जुनी यंत्रं, त्यात जुने स्मार्ट टीव्हीही आले, काही साइटना जोडलीच जाईनात. टीव्ही ठीक, वायफाय ठीक, फायबर ठीक. मालकानं काहीच केलं नव्हतं. नुसती तारीख उलटली होती.

आमच्या टीव्हीला मी 'आपोआप' चालू केलं. अर्ध्या मिनिटात कीर्तन लागलं. आजी म्हणाली, "झालं व्हय?" बस. आठवडाभर टाचणी, पासवर्ड, चिडचिड, आणि उपाय अर्ध्या मिनिटाचा.

भिंतीवरचा कागद

रात्री जेवताना अण्णांनी विचारलं, "तुला कळलं कसं?" मी सांगायला लागलो, ओळखपत्र, सर्व्हर वगैरे. त्यांनी मला थांबवलं. "ते राहू दे. आधी काय बघायचं आणि मग काय, तेवढं सांग."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अण्णांना यंत्र कळत नाही असं नाही. यागी-उडाचं नाव न ऐकता ते अँटेना जुळवत होते. त्यांना पाहिजे होती फक्त पडदा वाचायची पद्धत. मुंग्या बंद झाल्या आणि चक्र आलं, तेव्हा ती पद्धतच त्यांच्या हातातून गेली. वर सगळे मेनू इंग्रजीत. आणि दारात उभं राहून "आलं का" म्हणणारा पोरगा पुण्यात. आमच्या जिल्ह्यातून लोक कामासाठी बाहेर जातात, हे काही नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला गावंच्या गावं निघतात. माझ्यासारखे लॅपटॉप घेऊन निघतात, एवढाच फरक. पण घरात जे मागं राहतात, त्यांच्या हातात आपण काय ठेवून जातो?

आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. मराठीत, मोठ्या अक्षरात. अण्णांच्याच जुन्या प्रश्नापासून सुरुवात केली. तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

पहिलं: शेजाऱ्याचं दिसतंय का? इथं शेजारी म्हणजे आपलाच मोबाईल. पण मोबाईलचा डेटा बंद करा आणि फक्त वायफायवर काहीतरी नवीन लावून बघा. डेटा चालू असेल तर मोबाईल तुम्हाला फसवतो, गुपचूप डेटावर जातो.

दुसरं: मोबाईलवरही चालत नसेल तर राउटरच्या डब्याकडं बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून उजेडच येत नाही. वायर कुठंतरी तुटली किंवा दबली. आपण काही करायचं नाही, केबलवाल्याला फोन.

तिसरं: मोबाईलवर चालतंय पण टीव्हीवर नाही, तर टीव्हीची तारीख बघा. लाईट जाऊन आली असेल तर नक्कीच.

चौथं: तारीख बरोबर असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडा. चालला, तर टीव्ही चांगला आहे, घोळ राउटर आणि टीव्हीच्या मधे आहे. राउटरचं बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा, २.४ वालं नाव जोडा. हॉटस्पॉटवरही चालला नाही, तर टीव्हीचं अपडेट बघा, नाहीतर ते एकच ॲप बिघडलंय का ते दुसरं ॲप उघडून बघा.

पाचवं, लाल पेनानं: टाचणी लावायची नाही. पोरगा म्हणाला तरी नाही.

ही पाचवी ओळ अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिली.

उन्हाळ्यात एकदा रात्री आठला अण्णांचा फोन आला. मी म्हणालो, "काय झालं, टीव्ही?"

"हां. पण तू काही करू नको. मोबाईलचा डेटा बंद करून बघितला, त्याच्यावरबी चालंना. डब्यावर लाल दिवा लागलाय. रस्त्याला जेसीबी लागलाय, त्यानं वायर उखडली आसंल. केबलवाल्याला फोन लावला, उद्या सकाळी येतो म्हणला."

"मग मला कशाला फोन केला?"

"कशाला म्हणजे? सहज. जेवला का?" आणि मग मागं वळून आजीला सांगितलेलं मला ऐकू आलं, "आई, आपल्यात काही बिघाड नाही. व्यत्यय आहे, व्यत्यय."

तर मंडळी, हा एपिसोड इथंच थांबवतो. या वेळी घरी गेलात की एक काम करा. घरच्यांसोबत बसून असा कागद लिहा, त्यांच्या भाषेत, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारा: पहिले टीव्ही बिघडला की तुम्ही काय करायचा? जे ऐकायला मिळेल ते मला पाठवा, विशेषतः माळवदावरचे किस्से. पुढच्या एपिसोडमध्ये वाचू. तोपर्यंत, ऐकत राहा, आणि टाचणी लांब ठेवा!